बॅटरी रात्री कुठे जाते?

जयगडला पूर्वीसारखा गडद अंधार आता राहिलेला नाही. एका बाजूला बंदराचे दिवे, दुसरीकडे दीपगृह, आणि औष्णिक वीज प्रकल्पाच्या उंच चिमणीवरचे तांबडे दिवे तर लांबून दिसतात. तीनशे मेगावॅटचा एक असे चार संच इथे २०१० आणि २०११ साली सुरू झाले. म्हणजे बाराशे मेगावॅट वीज आमच्या ताईच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर तयार होते म्हणायला हरकत नाही. आणि त्याच बागेत, हापूसच्या झाडाखाली, माझ्या भाच्याच्या गाडीतला एक साधा दिवा शुक्रवारी संध्याकाळी पेटत नव्हता!

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. तिच्यात माझी शोभा झाली आहे, म्हणून इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती. पण आता ट्रॅक्टर, पिकअप, फवारणीचे पंप, सौर दिवे असे काही ना काही बॅटरीवर चालणारे प्रत्येक घरी आले आहे. तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहितो.

आमच्या ताईचे सासर जयगडचे. भाऊजींची दोनशे-सव्वादोनशे कलमे. भाचा मुंबईला नोकरीला होता, तो २०२० साली टाळेबंदीत घरी आला आणि परत गेलाच नाही. शासनाने त्याच वर्षी कृषी पर्यटनाचे धोरण आणले, पुढच्या वर्षी कॅराव्हॅन पर्यटनाचे. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचे बिऱ्हाड. आत झोपायला पलंग, लहानशी ओटी, गॅस, पाण्याची टाकी, फ्रीज, दिवे, पंखे. भाच्याने एक जुनी प्रवासी गाडी विकत घेतली आणि घाटावरच्या एका कारखान्यात ती अशी बांधून आणली. आरटीओच्या कागदपत्रांत चार महिने गेले. बँकेचे कर्ज झाले, ताईच्या पाटल्याही त्यात गेल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येत, बागेत गाडीत राहत, कधी गणपतीपुळ्याला जात, कधी फेरीबोटीतून गाडीसकट पलीकडे तवसाळला उतरत. सोमवारी गाडी परत बागेत.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिनाची. दुसरी बिऱ्हाडाची, म्हणजे दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रीज चालवणारी. भाच्याच्या गाडीतली बिऱ्हाडाची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची. गाडी चालली की ती भरे, शिवाय टपावर शंभर वॅटचे सौर तावदान होते. सोमवारी रात्री घरातून वायर ओढून ती पूर्ण भरून ठेवायची असा नेम. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी सगळे सुरळीत चालले.

मार्चमध्ये काय झाले कुणास ठाऊक, सोमवारी भरलेली बॅटरी शुक्रवारी रिकामी मिळू लागली. गाडीत माणूस नाही, दिवा नाही, पंखा नाही. तरी रिकामी.

पहिल्या शुक्रवारी कुणी फारसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या शुक्रवारी पुण्याचे एक कुटुंब आले, त्यांच्यासोबत वयस्कर आई. त्यांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचे होते. फ्रीज बंद. उकाडा काय विचारता! रात्री दहा वाजता ताईने ते औषध आपल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवले म्हणून निभावले. पण पाहुणे सकाळीच हॉटेलात गेले आणि भाच्याला पैसे परत करावे लागले.

मी रत्नागिरीला असतो. कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडणे हे माझे काम. बी.एस्सी.ला दापोलीला आम्हांला शेती अवजारे आणि यंत्रशक्ती हा विषय होता, एवढ्या भांडवलावर मी घरातला इंजिनियर समजला जातो. भाच्याचा फोन आला, "मामा, बॅटरी रात्रीत कुठे जाते कळत नाही." मी जागेवरून न उठता सांगितले, "बॅटरी गेली. नवीन घे."

नवीन बॅटरी पंधरा हजारांच्या घरात गेली. आणि चौथ्या दिवशी तीही उतरली.

शेतकऱ्याला मी तीस वर्षे सांगत आलो आहे की पान पिवळे दिसले की लगेच खताची गोणी आणू नका, आधी मुळाशी बघा, खोडाशी बघा. आंब्याला खोडकिडा लागतो तेव्हा फांदी वाळते, आणि शेतकरी पानांवर फवारत बसतो. किडा खोडात आत बसलेला असतो. सालीवरच्या भोकातून बाहेर आलेला भुसा बघायला खाली वाकावे लागते. हे सगळे दुसऱ्याला सांगायचे. स्वतःच्या भाच्याच्या वेळी मात्र मी न वाकताच औषध लिहून दिले.

आता पुढचे सांगतो ते जास्त वाईट आहे.

आमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणसे येतात. मोहोर येण्याच्या सुमारास येतात, आंबा संपला की जातात. सरसकट सगळ्यांना गुरखा म्हणायची पद्धत आहे, मग तो कुठल्याही जातीचा असो. भाऊजींकडचा गुरखा तिसऱ्या वर्षी आला होता. मार्चमध्ये फळ धरू लागले तशी त्याने आपली झोपडी बागेच्या वरच्या टोकावरून खाली आणली, गाडीपासून वीस पावलांवर. त्याच आठवड्यापासून बॅटरी उतरू लागली.

भाऊजी म्हणाले, "साहेब, सरळ आहे. रात्री हा गाडीतून वीज घेतो. मोबाईल लावत असेल, दिवा लावत असेल."

मला ते पटले. मी आणखी शहाणपण केले. म्हटले, गाडीतूनच वीज गळते की काय ते मीटर लावून बघू, म्हणजे शंका नको. आमच्या कार्यालयात एक मल्टिमीटर पडून होता तो रविवारी घेऊन गेलो. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली आणि तार आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडला. नळात पाण्याचा मीटर बसवतात ना, तसेच. सगळे बंद असताना जो करंट मीटर दाखवील तीच गळती. मीटरने दाखवले शून्य.

"बघा," मी म्हटले, "गाडीत गळती नाही."

म्हणजे मग चोर बाहेरचा. भाऊजींनी त्याच संध्याकाळी गुरख्याला बोलावले. तो म्हणाला, "मैंने नहीं लिया, मालक." दुसरे काही बोलला नाही. भाऊजी म्हणाले, महिना संपला की हिशोब कर आणि जा, बॅटरीचे अर्धे पैसे पगारातून कापीन. मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही.

रात्री जेवताना ताईने विचारले, "अरे, त्याच्यावर कसला आळ घेतलात? मोबाईल तर तो आपल्या पडवीत लावतो. रोज दिवेलागणीला येतो, तासाभराने नेतो. मीच सांगितले आहे त्याला."

भाऊजी म्हणाले, "मग दिवा लावत असेल."

मी गप्प झालो, पण झोप येईना. अंथरुणात पडल्या पडल्या बोटांवर हिशोब केला. हा हिशोब मी आधी केला असता तर माणसासमोर खाली बघायची वेळ आली नसती. साधा मोबाईल रिकाम्याचा भरायला, वाटेतली घट धरून, फार तर वीस वॅट-तास लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून म्हणजे दीड-पावणेदोन अँपिअर-तास. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी चार रात्रींत रिकामी करायची तर त्या बिचाऱ्याला ऐंशी-नव्वद मोबाईल भरावे लागले असते! आणि दिवा? पाच वॅटचा एलईडी दिवा रात्रभर, बारा तास लावला तरी पाच अँपिअर-तास. चार रात्रींचे वीस. बाकीचे एकशे तीस कोणी प्यायले?

पहाटे उठून पुन्हा गाडीपाशी गेलो. मीटर रात्रीपासून तसाच जोडलेला होता. सवयीने मी दाराजवळच्या दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला नाही. पुन्हा दाबले. नाही. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. मीटर मधोमध आहे, म्हणजे दिव्याचा करंट मीटरमधूनच जायला हवा. दिवा लागत नाही म्हणजे मीटरमधून काहीच जात नाही. मीटरच तुटलेला आहे!

मल्टिमीटरला करंट मोजायची दोन भोके असतात. एक लहान करंटाचे, मिलिअँपिअरचे, त्यात बारीक फ्यूज असतो. दुसरे दहा अँपिअरचे. मी लाल वायर लहान भोकात घातली होती. जोडताक्षणी आतला फ्यूज जळाला आणि मीटर शून्य दाखवू लागला. त्या शून्यावर विश्वास ठेवून आम्ही एका माणसाला चोर ठरवले होते. वाचकहो, तुम्ही कधी असे मोजायला गेलात तर वायर आधी दहा अँपिअरच्या भोकात घाला. आणि मीटर मधे असताना इंजिन चुकूनही सुरू करू नका. स्टार्टरचा करंट शेकड्यांत असतो, त्यात मीटर जळेल आणि हातही भाजेल. तार सोडवताना नेहमी ऋण बाजूची आधी सोडवावी, हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे, आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

भाच्याला उठवले. वायर दहाच्या भोकात घातली. खिडक्या-दारे लावली, सगळी बटणे बंद केली, आणि दहा मिनिटे थांबलो, कारण हल्लीच्या गाड्यांतली काही यंत्रे बंद केल्यावरही थोडा वेळ जागी असतात. मग आकडा वाचला.

एक पूर्णांक बासष्ट अँपिअर.

सगळे बंद असताना! सर्वसाधारण चारचाकीला उभ्या उभ्या वीस ते पन्नास मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग किंवा त्याहून कमी. इथे त्याच्या तीसपट वाहत होते. दिवसाला एकोणचाळीस अँपिअर-तास. मंगळवार सकाळ ते शुक्रवार संध्याकाळ साडेतीन दिवस धरले तर एकशे छत्तीस. बॅटरी का उतरते ते भाच्याने वहीच्या पुठ्ठ्यावर मांडून बघितले आणि माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

आता कुठून वाहते ते शोधायचे. ठिबकच्या संचात गळती शोधताना आपण काय करतो? एकेक उपनळीची तोटी बंद करत जातो आणि मीटरचा काटा कधी पडतो ते बघतो. इथे तोट्यांच्या जागी फ्यूज. भाचा एकेक फ्यूज काढी, मी आकडा वाची. पहिला काढला, पंखा, फरक नाही. दुसरा, पाण्याचा पंप, फरक नाही. तिसरा काढला तेव्हा आकडा आठ शतांशांनी उतरला. ते गॅसची गळती ओळखणारे भोंग्याचे यंत्र. ते चालूच राहायला हवे, त्याचा दोष नाही. रेडिओचे दोन शतांश, त्याच्या घड्याळाचे. मग एका फ्यूजला एकदम बेचाळीस शतांश उतरले.

त्या फ्यूजवर कारखानदाराने काही लिहिलेले नव्हते. वायरीचा माग काढत गेलो तर ती पलंगाखालच्या सामानाच्या कप्प्यात शिरली. झाकण उघडले, आत दिवा जळत होता. जुन्या पद्धतीचा पाच वॅटचा गोळा. झाकण उघडले की लागावा, मिटले की विझावा म्हणून कडेला एक दाबबटण होते. समुद्राच्या खाऱ्या हवेने ते गंजून वर अडकले होते. झाकण मिटले तरी दिवा चालूच, आणि मिटल्यावर दिसणार कुणाला? भाच्याने हात लावला तर कप्प्याची फळी कोमट लागली. तीन आठवडे त्यात पाहुण्यांच्या जादा चादरी होत्या. आग लागली नाही हे नशीब.

पण हे सगळे मिळून अर्ध्याच्या जरा वर. आम्ही उरलेले सगळे फ्यूज काढले. पेटी रिकामी झाली. मीटर तरीही एक पूर्णांक दहा दाखवत होता!

भाचा म्हणाला, "मामा, परत बिघडला काय हा?" मलाही क्षणभर तसेच वाटले. पण सगळ्या तोट्या बंद असून पाणी वाहत असेल तर त्याचा अर्थ एकच, कुणीतरी मुख्य नळालाच, तोट्यांच्या आधी, छेद दिला आहे. बॅटरीच्या धन टोकाला हात लावून बघितले. तिथे दोन जाड वायरी बसवलेल्या होत्या. एक फ्यूजच्या पेटीकडे जाणारी. दुसरी खालून, लाकडी फळीच्या मागून, बाकाखाली गेलेली. बाकाचे चार स्क्रू काढले तेव्हा तिथे इन्व्हर्टर बसलेला दिसला. बारा व्होल्टचे दोनशे तीस करणारे यंत्र, पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी. दर्शनी फळीवर त्याचे बटण होते आणि ते आम्ही नेहमी बंद करत होतो. पण ते बटण फक्त भिंतीवरच्या प्लगांचे. इन्व्हर्टर स्वतः रात्रंदिवस चालू. त्याच्यावर काही लावलेले नसले तरी नुसते जागे राहायला त्याला एक अँपिअरहून जास्त लागत होते. त्याच्या पोटावर त्याचे स्वतःचे बटण होते, बाकाखाली, जिथे कुणाचा हात पोचणार नाही. ते बंद केले आणि मीटर शून्यावर आला. या वेळी खरोखरच्या शून्यावर. मी पुन्हा दिवा लावून खात्री करून घेतली.

एवढे झाले तरी भाऊजींचा एक प्रश्न राहिलाच, आणि तो रास्त होता. "इन्व्हर्टर डिसेंबरपासून आहे. मग तीन महिने बॅटरी कशी टिकली? मार्चमध्येच का उतरू लागली?"

मी मान वर केली. आमच्या डोक्यावर हापूसचे झाड होते, चांगले तीस-पस्तीस वर्षांचे, गच्च पालवीचे. भाच्याला विचारले, "गाडी आधी कुठे उभी असायची?"

"वर कातळावर. ऊन फार होऊ लागले म्हणून पाहुण्यांसाठी सावलीत आणली."

"केव्हा?"

तो मनात आठवडे मोजू लागला आणि मधेच थांबला.

उघड्या कातळावर शंभर वॅटचे तावदान दिवसाला पंचवीस-सत्तावीस अँपिअर-तास भरत होते. एकोणचाळीस जात, सत्तावीस येत. तूट रोजची बारा, ती दीडशेच्या बॅटरीत कुणाला जाणवली नाही. गाडी झाडाखाली आली आणि आवक जवळजवळ बंद झाली. सौर तावदानावर थोडी सावली पडली तरी वीज थोडी कमी होते असे नाही, पुष्कळच कमी होते, कारण त्याच्या आतले घटक माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात आणि एक झाकला की अख्ख्या माळेचा करंट अडतो. सावलीत पीक कसे मार खाते ते मी आयुष्यभर शिकवत आलो. मार्चच्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी हलल्या होत्या, गाडी झाडाखाली आली आणि झोपडी गाडीपाशी आली. आम्हांला फक्त झोपडी दिसली.

भाऊजी काही बोलले नाहीत. तसेच उठून झोपडीकडे गेले. मी मागोमाग गेलो. त्यांचा स्वभाव करारी, आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचे मला माहीत नाही. ते म्हणाले, "पैसे कापणार नाही. सीझन पुरा कर." मला ते पुरेसे वाटले नाही. मी त्याला हात धरून गाडीपाशी आणले, बाकाखालचा इन्व्हर्टर दाखवला, कप्प्यातला दिवा दाखवला, आणि जळालेला फ्यूजही दाखवला. म्हटले, "गलती मेरी थी. मीटर मैंने गलत लगाया." त्याने तो बारीक फ्यूज हातात घेऊन उजेडासमोर धरला, आतली तार तुटलेली बघितली आणि हसला. मग विचारले, हे बघायचे कसे, मला शिकवा.

दुरुस्तीला फार खर्च आला नाही. कप्प्यातले बटण बदलले आणि गोळ्याच्या जागी एलईडी बसवला. इन्व्हर्टरच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज आणि दर्शनी बटण दिले, ते काम रत्नागिरीच्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले. दोनशे तीस व्होल्टला घरगुती इंजिनियरने हात लावू नये. गाडी झाडापासून थोडी बाजूला घेतली, दुपारपर्यंत टपावर ऊन आणि पाहुणे फिरून येईतो खाली सावली अशी. आणि बॅटरीच्या ऋण तारेत एक मोठे कापबटण बसवले. लाल चावी फिरवली की सगळीच वीज तुटते, चावी काढूनही घेता येते. माणूस नसताना गॅसची टाकी बंद करायची आणि ही चावी काढायची.

जुनी बॅटरी मात्र मी देऊन टाकायला लावली होती. ती तपासून घ्यायला हवी होती. पूर्ण भरून, रात्रभर नुसती ठेवून सकाळी व्होल्ट मोजायचे. बारा पूर्णांक सहा-सातच्या आसपास टिकले तर बॅटरीत निदान भरण धरण्याची ताकद आहे, मग दोष बाहेर शोधायचा. त्या पंधरा हजारांतले निम्मे मी भाच्याला दिले. तो घेईना, पण ताईने घ्यायला लावले.

आता मी गावात गेलो की मीटर पिशवीत असतो. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिला की बॅटरी उतरे. मागाहून बसवलेल्या टेपची वायर थेट बॅटरीला जोडलेली निघाली. दुसऱ्या एकाच्या बॅटरीच्या डोक्यावर धूळ, मीठ आणि आम्लाचा ओला थर होता, त्या थरातूनच थोडीथोडी वीज एका टोकाकडून दुसऱ्याकडे झिरपत होती. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुसला. झाकणे घट्ट होती ना ते आधी बघितले, कारण ते पाणी आत गेले तर बॅटरीच बाद.

मेच्या अखेरीस आंबा संपला. गुरखा निघाला त्या सकाळी मी योगायोगाने जयगडला होतो. पिशवी खांद्याला लावण्याआधी तो गाडीपाशी गेला, गॅसची टाकी बंद केली, लाल चावी काढली, आणि मी दिलेला मीटर लावून एकदा बघून आला. चावी ताईच्या हातात देत म्हणाला, "जीरो करके रखा है, आई."

ताईने त्याला डब्यात घावन बांधून दिले होते. ते घेऊन तो निवळीची गाडी पकडायला गेला.